दारात हत्ती बांधण्याआधी

आज आपण जुन्या गाडीविषयी बोलणार आहोत. जुनी छोटी गाडी घ्यायची असेल तर सल्ला द्यायला गावात दहा जण असतात. आजचा विषय जरा वेगळा आहे. मोठ्या इंजिनाची, जोरात पळणारी, डिकीवाली सेडान गाडी. नवी असताना अठरा-वीस लाखांची आणि दहा वर्षांनी सहा लाखांना समोर उभी राहणारी. ती घ्यावी की नाही?

तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांना या विषयाचं काय पडलंय? पडलं, कारण प्रश्न आमच्या बैठकीत आला. आमच्यातल्या एका ताईची लेक चाकणला एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला आहे. स्वतः कमावते, गाडी उत्तम चालवते, इंजिनातलं तिला कळतं. तिने पाच लाख साठवले होते. तिला हवी होती १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, १८० हॉर्सपॉवरची, २०१५ सालची सेडान. मालक सव्वासहा लाख म्हणत होता. वरच्या खर्चासकट दीड लाख कमी पडत होते. ते आईने पोस्टातली ठेव मोडून द्यावेत, असं लेकीचं म्हणणं. आणि ती ठेव होती घराच्या पत्र्यासाठी ठेवलेली.

वडिलांचं म्हणणं एका वाक्याचं होतं, "पोरीच्या जातीला एवढी जोराची गाडी कशाला?" ताईला ते पटत नव्हतं, पण ठेव मोडायलाही हात धजत नव्हता. म्हणून तिने बैठकीत विचारलं, "देऊ का गं पैसे?"

आम्ही आधी वडिलांचा प्रश्न बाजूला ठेवला. मुलाने हीच गाडी मागितली असती तर "कशाला" कुणी विचारलं नसतं, फक्त "कितीला" विचारलं असतं. मग आमच्यातल्या एका आजींनी बरोबर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "मुलाला विचारत नाहीत हेच चुकतं. दोघांनाही विचारा." मग आम्ही ठरवलं, मुलगी आहे म्हणून नको म्हणायचं नाही आणि लाडकी आहे म्हणून हो म्हणायचं नाही. हिशेब करायचा.

आधी ही गाडी काय चीज आहे ते समजून घेतलं. हा प्रकार मुळात अमेरिकेतला. १९६४ साली पॉन्टियाक कंपनीने आपल्या मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं ६.४ लिटरचं इंजिन बसवून जीटीओ नावाने विकली. तिथून या गाड्यांना 'मसल कार' म्हणजे दंड-बेटकुळ्या असलेली गाडी म्हणायची पद्धत रुळली. त्या बहुतेक दोन दारांच्या. पुढे चार दारांच्या, कुटुंब मावेल अशाही आल्या. डॉज चार्जर ही त्यातली गाजलेली गाडी. तिचा एक प्रकार तर ७०७ हॉर्सपॉवरचा होता. आपल्याकडे एवढी ताकद क्वचित. आपल्याकडे जोराची सेडान म्हणजे २०१७ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २३० हॉर्सपॉवरची, किंवा तिच्याखालच्या दीडशे-एकशेऐंशीच्या टर्बो गाड्या. तुलनेला सांगतो, गल्लीत उभी असते ती एक लिटर इंजिनाची छोटी गाडी साधारण ६७ हॉर्सपॉवरची. म्हणजे लेकीला हवी होती ती गाडी जवळपास पावणेतीन छोट्या गाड्यांच्या ताकदीची.

आता पैशाचं. सव्वासहा लाखांत वीस लाखांची गाडी, हे ऐकलं की वाटतं फायदाच फायदा. मैत्रिणींनो, खरी मेख इथेच आहे. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. गाडी सहा लाखांची झाली, तरी तिचा गिअरबॉक्स, तिचा टर्बो, तिचे दिवे वीस लाखांच्या गाडीचेच राहतात. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून तो कमी खात नाही.

आम्ही वहीत दोन रकाने आखले. एका बाजूला ही सेडान, दुसऱ्या बाजूला तेवढ्याच पैशात येणारी नवी छोटी गाडी. लेक महिन्यातून दोनदा घरी येते, जाऊन-येऊन चारशेच्या आसपास किलोमीटर. बाकीचं इकडे-तिकडे धरून महिन्याला हजार किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं. सेडान लिटरला १२ किलोमीटर गेली तर महिन्याचे ८,७५० रुपये. छोटी गाडी २० गेली तर ५,२५० रुपये. फरक महिन्याला ३,५००, वर्षाला ४२,०००, पाच वर्षांत २ लाख १० हजार. नुसत्या पेट्रोलचा.

मग विमा. कायद्याने सक्तीचा जो थर्ड पार्टी विमा असतो, त्याचा दर इंजिनाच्या आकारावर असतो. जून २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे हजार सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, हजार ते पंधराशे सीसीला ३,४१६ आणि पंधराशेच्या वर ७,८९७ रुपये. वर जीएसटी वेगळा. १.८ लिटर म्हणजे सगळ्यात वरचा गट. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा विमा आणखी निराळा. आणि लक्षात ठेवा, अपघाताचा विमा झिजलेल्या गिअरबॉक्सचे पैसे देत नाही.

नव्या छोट्या गाडीच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव तोच का ठेवायचा, हे विकणाऱ्याला विचारता येतं. घासाघीस करायला हे एक चांगलं निमित्त आहे.

वही बंद केली तेव्हा उत्तर उघड होतं, छोटी गाडी. पण लेक तिथेच बसली होती. ती म्हणाली, "मावशी, हिशेब बरोबर आहे. पण मला गाडी चालवायला आवडते. तुम्ही पैठणी घेता तेव्हा मीटरमागे हिशेब करता का?" आम्ही गप्प झालो. ती पुढे म्हणाली, "आणि खंबाटकीच्या घाटात ट्रकच्या मागे अडकल्यावर छोट्या गाडीने ओव्हरटेक करताना जीव मुठीत धरावा लागतो. ही गाडी जड आहे, रस्ता धरून चालते, चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत, एअरबॅगा जास्त आहेत."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. हौसेलाही मोल असतं. बायकांच्या हौसेला तर आपल्याकडे नेहमीच उशिरा आणि उरल्या पैशांत जागा मिळते. मग आम्ही एक गोष्ट ठरवली, आणि आजच्या बोलण्याचं सार तेच आहे. ही गाडी हौस म्हणून घ्यायची असेल तर घ्या, पण बचत म्हणून घेऊ नका. "वीस लाखांची गाडी सहा लाखांत, चौदा लाख वाचले" असं म्हणत घेतली, की पहिल्या मोठ्या बिलाला घरात भांडण ठरलेलं. आणि हौस असेल तर तिचा खर्च हौशीनेच सोसावा. घराच्या पत्र्याने सोसू नये.

जोराविषयीही बोललो. हे बापानेच बोलायचं असं नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, आणि सरकारी आकडेवारीत त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाखाली नोंदलेले आहेत. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतर गाडी थांबायला दुप्पट नाही, चौपट अंतर लागतं. ६० ला जी गाडी समजा वीस मीटरमध्ये थांबते, ती १२० ला ऐंशी मीटर घेते. मधे बैलगाडी आली, शाळकरी मूल आलं, तर गाडीची किंमत काय उपयोगाची? लेकीने ऐकून घेतलं. "गाडीचा जोर घाट चढायला, गावातून जाताना नाही," हे तिचं ती बोलली. आम्हाला ते बरं वाटलं.

मग प्रत्यक्ष गाड्या बघायला निघालो. ताई, लेक, आमच्यातल्या दोघी आणि ओळखीचे गॅरेजवाले काका. काकांना त्यांच्या दिवसाचे पैसे दिले. फुकटचा सल्ला मागायचा नाही.

मैत्रिणींनो, बाजारात म्हैस घेताना आपण काय करतो? दात बघतो, दोन्ही वेळची धार स्वतः काढून बघतो. कारण दूध तुंबवून आणणारे असतात, हे आपल्याला ठाऊक असतं. गाडीचंही तसंच. विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवतो, म्हणजे सकाळची खडखड ऐकू येत नाही. म्हणून आधीच सांगायचं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघायचा. गरम लागला तर पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं. इंजिन थंड असताना चालू करून कान द्यायचा आणि एकीने मागे उभं राहून धूर बघायचा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. टर्बो गाडीत ते महागात जातं.

पहिली गाडी एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे होती. भाव फारच कमी, पाच लाख चाळीस हजार. चकचकीत पुसलेली, आत अत्तराचा घमघमाट. काकांनी आधी सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. खालच्या टोकाला चिखलाची पुसट रेघ होती. सीटखाली बोटं घातली, तर स्क्रू गंजलेले. पुराच्या पाण्यात राहिलेली गाडी अशी ओळखू येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला किती गाड्या पाण्याखाली गेल्या, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. अशा गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. नव्या जमान्याच्या गाडीत जागोजागी वायरी आणि छोटे संगणक असतात. पाणी शिरलं की वर्ष-दोन वर्षांनी एकेक दुखणं डोकं वर काढतं. आम्ही चहा न घेता परत फिरलो.

दुसरी गाडी, सव्वासहा लाखांची, मालकाकडेच होती. मालक सज्जन. सर्व्हिसची पुस्तिका पूर्ण, किलोमीटर आणि सर्व्हिसचे आकडे जुळत होते. स्टिअरिंग, पेडलचं रबर, ड्रायव्हरची सीट यांची झीजही त्या आकड्याला शोभेल एवढीच. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागला आणि विझला. हा दिवा लागलाच नाही तर जास्त शंका घ्यायची, कारण बिघाड लपवायला तो काढून टाकलेला असू शकतो. टायरवर चार आकडे असतात, तेही लेकीने आम्हाला दाखवले. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. या गाडीचे चारही टायर सहा वर्षांचे होते, म्हणजे लगेच बदलायचे. काकांनी चारांचे तीस हजार सांगितले.

मग चालवून पाहिली. मोकळ्या रस्त्यावर लोण्यासारखी. पण काकांनी मुद्दाम बाजारपेठेतल्या गर्दीत घ्यायला लावली. तिथे मुंगीच्या चालीने जाताना गाडी हलके धक्के देत होती. ऑटोमॅटिक गिअरचे काही प्रकार सुक्या क्लचवर चालतात. गर्दीत, उन्हाळ्यात ते तापतात आणि झिजतात. काका म्हणाले, "वर्षभरात क्लच मागेल. त्याचा संगणकही गेला तर दीड-दोन लाख धरून चाला." मालक पाच लाख नव्वदच्या खाली यायला तयार नव्हता. त्याचंही बरोबर होतं. आमचंही बरोबर होतं.

आणि कागद. मैत्रिणींनो, पत्र्यापेक्षा कागद जास्त वेळ वाचा. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी, विमा, पीयूसी कधीपर्यंत आहे ते दिसतं. या गाडीवरचं बँकेचं कर्ज मालकाने फेडलं होतं, पण आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच होता. तो उतरवायला बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. हे विकणाऱ्याने आधी करून द्यायचं. "नंतर बघू" याला हो म्हणायचं नाही. ई-चलन थकलेत का तेही बघायचं.

गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. एकाच राज्यातली गाडी असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं. याकडे दुर्लक्ष करू नका. विकूनही नाव बदललं नाही आणि त्या गाडीने अपघात झाला, तर नोंदीवर ज्याचं नाव त्याची जबाबदारी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलंय. म्हणजे तुम्ही विकणाऱ्या असाल तरी हे तुमच्या कामाचं आहे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. मालकाला मिळणारी नो-क्लेम सवलत मालकाबरोबर जाते, गाडीबरोबर येत नाही. तेव्हा "विम्याला पन्नास टक्के सूट आहे" असं कुणी सांगितलं तर ती सूट आपली नव्हे.

दुसऱ्या राज्यातली गाडी फार स्वस्त दिसली तर थांबा. दिल्लीत पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल आणि दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आली, म्हणून तिथून गाड्या स्वस्तात बाहेर पडतात. इथे आणल्यावर ना-हरकत दाखला, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, नवा नंबर, हे सगळं आपल्या खिशातून. शिवाय खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१५ ची गाडी आज घेतली तर २०३० साली फिटनेस, नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर समोर येणार. पेट्रोलचंही बघा. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला चालतील अशा बनवायच्या असं ठरलं. त्याआधीच्या गाडीला किती इथेनॉल चालतं, ते गाडीच्या पुस्तकात वाचून घ्या.

परत येताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही. लेकीचा जीव त्या गाडीत अडकला होता, ते दिसत होतं. रात्री तिने आईला स्वतःच सांगितलं, "ठेव मोडू नकोस." तिने गाडीचा नाद सोडला नाही, पण थांबली. सहा महिने दरमहा पंचवीस हजार बाजूला टाकले. साडेसहा लाख झाले. मग तिने २०१७ ची, १.४ लिटर टर्बोची, १५० हॉर्सपॉवरची, हाताने गिअर टाकायची सेडान पाच लाख साठ हजारांना घेतली. ताकद थोडी कमी, पण तो सुक्या क्लचचा घोर नाही, आणि विमा मधल्या गटात बसला. उरलेले नव्वद हजार तिने वेगळ्या खात्यात ठेवलेत. त्या खात्याला ती 'गाडीचं दुखणं' म्हणते आणि दरमहा त्यात दोन हजार भरते.

हे सगळं बरोबर झालं का? आमच्यात आजही एकमत नाही. दोघींना वाटतं, नवी छोटी गाडी घेऊन उरलेल्या पैशांची तिने ठेव करायला हवी होती. बाकीच्यांना वाटतं, स्वतःच्या कमाईतून, घराला तोशीस न देता घेतलीय, तर घेऊ दे. ताईच्या घरावर नवे पत्रे पडलेत. वडील अजून त्या गाडीला "हत्ती" म्हणतात. पण परवा पुण्याला दवाखान्यात जायचं होतं तेव्हा पुढच्या सीटवर तेच बसले.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरात लेक असो की लेक, नवरा असो की दीर, कुणी जोराची जुनी गाडी दारात आणायचं म्हणालं, तर चार गोष्टी विचारा. गाडीच्या किमतीशिवाय पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला लाखभर वेगळे आहेत का? पैसे कुणाच्या कशातून जाणार आहेत? गाडी थंड असताना आणि गर्दीत चालवून पाहिली का? कागद कुणी वाचले? आणि कर्जाला जामीन म्हणून तुमची सही मागितली, तर वाचल्याशिवाय करू नका. कर्जदाराने हप्ता चुकवला तर बँक जामीनदाराकडेही तेवढंच वसूल करू शकते.

विचारलं म्हणून कुणी रागावेल. रागावू द्या. म्हशीचे दात बघितले म्हणून बाजारात कुणी आपल्याला हसत नाही. आज इथेच थांबतो. तुमच्या गटात असा प्रश्न आला असेल तर पुढच्या वेळी नक्की सांगा. नमस्कार.